घरपट्टीचा उतारा आणि आधारचे बारा आकडे

पत्राचा सारांश

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतून एका ताईंनी लिहिलं आहे. घर सामायिक, सासरे आणि त्यांच्या भावाचं. गणपतीही एकच. सासरे गेले, काही वर्षांनी यजमानही गेले. ताई मुंबईचं बिऱ्हाड मोडून मुलासह गावी राहायला आल्या. आल्यावर लक्षात आलं, की घरपट्टीच्या पावतीवर पूर्वी सासऱ्यांचं नाव असायचं, आता फक्त चुलतदिरांचं येतं. हे कधी आणि कसं झालं, असं ग्रामपंचायतीत तोंडी विचारलं तर उत्तर मिळालं, "ही दुसऱ्याची वैयक्तिक माहिती आहे. नवा कायदा आलाय, आता देता येत नाही."

त्याच महिन्यात पंचायतीने शिलाई मशीनसाठी निवडलेल्या महिलांची यादी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. त्यात ताईंचं नाव, पूर्ण आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल आणि शेऱ्याच्या रकान्यात 'विधवा'. त्याबद्दल बोलल्यावर त्याच टेबलावरून ऐकायला मिळालं, "माहिती अधिकार आहे ना, सगळं उघडच असतं."

ताई विचारतात: माहिती अधिकारात अर्ज करू का? केला तर त्याच संध्याकाळी भावोजींना कळेल आणि भावकी फुटेल. आणि दुसऱ्याची माहिती मागायची, स्वतःची झाकायची, हा दुटप्पीपणा नाही का?

उत्तर

ताई, दुटप्पीपणाचा सल आधी काढून टाकूया. तो मनात ठेवून अर्ज लिहायला बसलात तर अर्ज कचरतच लिहिला जाईल.

दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. घरपट्टीच्या नोंदीत तुम्हाला काय हवंय? पंचायतीने एका घरापुढचं नाव कुणाच्या अर्जावर, कोणत्या ठरावाने आणि कुणाला नोटीस देऊन बदललं, एवढंच. ही पंचायतीची कृती आहे. शिलाई मशीनच्या यादीतही पंचायतीची एक कृती आहे: कुणाला निवडलं, कोणत्या निधीतून, किती रकमेचं यंत्र दिलं. ती उघडी असायलाच हवी. तुमचं नाव त्या यादीत दिसणार आणि दिसावं, कारण गावाचा पैसा आहे. झाकायचे ते आधारचे बारा आकडे, खात्याचा क्रमांक, मोबाईल आणि तो शेरा. तुम्ही मागताय त्या फाईलमध्ये भावोजींच्या आधार कार्डाची झेरॉक्स लावलेली असेल, तर ती बघायचा हक्क तुम्हालाही नाही आणि तिची तुम्हाला गरजही नाही. दोघांना एकच माप लागतंय. मग दुटप्पीपणा कुठे आला?

कार्यालयात चूक होते ती इथेच. अख्खा कागद उघडा की अख्खा कागद बंद, असा विचार केला जातो. कायदा कागदातली ओळ बघतो. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १० मध्ये हेच आहे: कागदाचा काही भाग देता येत नसेल, तर तेवढा वेगळा काढून उरलेला द्यायचा.

आता 'नवा कायदा' म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण हे वाक्य पुढे पुन्हा ऐकायला मिळेल. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्याच वेळी माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधला बदल लागू झाला. पूर्वी त्या कलमात अट होती: ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा जी दिल्याने खाजगीपणावर विनाकारण आक्रमण होतं, तीच नाकारता येई. आता 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच शब्द उरले आहेत. नाकारणं सोपं झालं, हे खरं आहे, आणि माझ्या मते हा बदल सामान्य माणसाच्या हिताचा झालेला नाही.

पण तुमच्या कामाचं जे आहे, ते शाबूत आहे. कलम ८(२) आहे: झाकण्याने जपलं जाणारं हित आणि उघडण्याने साधणारं लोकहित यांत लोकहित जड असेल, तर माहिती देता येते. कलम १० आहे. कलम ४ आहे, ज्यात अनुदानाच्या कार्यक्रमांचे लाभार्थी आणि रकमा कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायच्या आहेत. कलम १९(५) आहे: अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अधिकाऱ्यावर असते, तुमच्यावर नाही. शिवाय करआकारणीची यादी तयार झाली की लोकांना बघायला ठेवून हरकती मागवायच्या, हीच पंचायतीची रीत आहे. जी यादी गावाने बघून हरकत घ्यावी म्हणूनच बनते, तिच्यातली नोंद गुप्त कशी म्हणायची?

त्या टेबलामागच्या माणसाची अडचणही समजून घेऊ. चुकून भलतंच दिलं तर आपल्यावर शेकेल, ही भीती खरी असते. त्यांना एवढं सांगा, की सद्भावनेने केलेल्या कामाला कलम २१ चं संरक्षण आहे, आणि वाजवी कारणाशिवाय माहिती अडवली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो. हे धमकीच्या सुरात सांगायचं नाही. बऱ्याचदा ते माहीतच नसतं.

अर्जाकडे वळण्यापूर्वी तुमच्या पत्रातलं एक गृहीतक तपासायला हवं. तुम्ही लिहिलंय, "घर त्यांच्या नावावर झालं." तसं झालेलं नाही, ताई. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही करआकारणीची नोंदवही आहे. कर कुणाकडून वसूल करायचा, हे तिच्यावरून ठरतं. तिच्यात नाव आल्याने कुणी मालक होत नाही आणि नाव गेल्याने कुणाचा वारसाहक्क संपत नाही. न्यायालयांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मालकी बघायची तर जागेचा सात-बारा, आणि गावठाणात घर असेल व मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. तलाठ्याचा खाते उतारा '८-अ' हा आणखी वेगळा कागद. नावाच्या सारखेपणाने लोक चुकीच्या कार्यालयात चुकीचा कागद मागतात, ती चूक टाळा.

म्हणून ही नोंद बिनमहत्त्वाची आहे, असं मात्र मुळीच नाही. घरदुरुस्तीची परवानगी, वीजजोडणीचं नाव, वादळानंतरचा पंचनामा, सगळीकडे पहिल्यांदा हाच उतारा मागतात. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळाने कोकणातली सामायिक घरं किती उघडी पाडली, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. छप्पर सगळ्यांचं आणि कागदावर नाव एकाचं, अशी वेळ पुन्हा येऊ शकते.

उताऱ्यात नेमकं कुठे बघायचं? नमुना ८ मध्ये दोन वेगळे रकाने असतात: मालकाचं नाव आणि भोगवटा करणाऱ्याचं नाव. भावोजींचं नाव फक्त भोगवट्याच्या रकान्यात असेल, तर ते घरात राहतात आणि कर भरतात एवढाच त्याचा अर्थ. मालकाच्या रकान्यातही त्यांचं एकट्याचं नाव असेल, तर शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात जा. फेरबदल झाला असेल तर आदेशाचा किंवा ठरावाचा क्रमांक आणि तारीख तिथे असायला हवी. असेल तर अर्जात तोच क्रमांक घालता येईल. रकाना कोराच असेल, तर तुमचा प्रश्न आणखी रास्त ठरतो.

यात लबाडी असेलच असंही धरून चालू नका. कोकणात हे फार साध्या वाटेनेही घडतं. सगळे चाकरमानी मुंबईला, गावात एकच भाऊ, घरपट्टी तोच भरतो. फेरआकारणीला आलेला माणूस समोर दिसेल त्याचं नाव लिहून जातो. कधी जुन्या वहीतलं 'व इतर' संगणकावर नोंद भरताना गळून पडतं. तुमच्या भावोजींनी अर्ज केला होता की नाही, हे फाईलच सांगेल. तोवर मनातल्या मनात निकाल देऊ नका.

आता कामाला लागा. पहिलं काम घरातच आहे. ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, सासऱ्यांच्या पिशवीत जुन्या घरपट्टीच्या पावत्या असतील त्या काढा, वर्षाप्रमाणे लावा. सासऱ्यांच्या नावाची शेवटची आणि भावोजींच्या नावाची पहिली पावती, या दोन तारखांच्या मध्ये बदल झालेला आहे. 'गेल्या तीस वर्षांचं सगळं द्या' म्हटलं की अर्ज तुंबतो. दोन-तीन वर्षांचा पट्टा दिला की कपाटातली फाईल सापडते.

दुसरं, आत्ताचा नमुना ८ चा उतारा घ्या. यासाठी माहिती अधिकार लागत नाही. ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली येते, तिची फी आणि मुदत कार्यालयातल्या फलकावर लिहिलेली असते. साधा अर्ज, पावती, उतारा. यात भांडणाचा काहीच प्रश्न नाही.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. म्हणून शिलाई मशीनच्या यादीचा राग या अर्जात अजिबात आणू नका. 'नाव का बदललं?', 'कुणाच्या सांगण्यावरून?' असंही विचारू नका. माहिती अधिकारात अस्तित्वात असलेला कागद मिळतो, खुलासा नाही. 'का'ने सुरू होणाऱ्या अर्जाला 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. मजकूर असा ठेवा:

विषय: घर क्रमांक ____ च्या करआकारणी नोंदीतील बदल.
कालावधी: ____ ते ____.
१) या घराच्या नमुना ८ मधील नोंदीच्या पानांच्या प्रमाणित प्रती.
२) नाव बदलण्यासाठी आलेला अर्ज आणि सोबतच्या कागदपत्रांच्या प्रती.
३) बदलास मंजुरी देणारा मासिक सभेचा ठराव आणि त्या सभेच्या इतिवृत्ताचे संबंधित पान.
४) हरकती मागवण्यासाठी काढलेली नोटीस आणि ती बजावल्याचा पुरावा.
५) वरील अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करण्याची परवानगी.
मूळ करदाते माझे सासरे असून मी त्यांच्या मृत मुलाची पत्नी आहे. अन्य व्यक्तींचे आधार, पॅन, बँक खाते व मोबाईल क्रमांक कलम १० नुसार झाकून प्रती द्याव्यात.

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम आहेत. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशाला हवी हे सांगायची सक्ती नाही आणि संपर्कापुरता पत्ता सोडून स्वतःचं काही द्यावं लागत नाही. तरीही वारस असल्याचं इथे सांगावं, असं मला वाटतं, कारण मग ही केवळ 'दुसऱ्याची' माहिती उरत नाही. आणि झाकायच्या ओळी आपणच आधी सांगितल्या, की 'वैयक्तिक आहे' म्हणून अख्खी फाईल बंद करायला जागा राहत नाही. सह्या मात्र झाकायला सांगू नका. फाईलमध्ये तुमच्या यजमानांचं किंवा सासूबाईंचं संमतीपत्र असेल, तर त्यावरची सही तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे.

त्यासाठीच पाचवा मुद्दा. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. सोबत फक्त पेन्सिल न्या. पाहणी करणाऱ्याने पेन बाहेर ठेवायचं, असा राज्याचा नियमच आहे, कागदावर कुणी भर घालू नये म्हणून. पानांचे क्रमांक उतरवून घ्या. दोन पानांवर एकच क्रमांक असेल किंवा मधला क्रमांक गायब असेल, तर तेही तारखेसह लिहून ठेवा. ठरावाच्या इतिवृत्तात शेवटच्या ठरावाखाली सह्यांच्या आधी दाटीवाटीने लिहिलेली ओळ दिसली, तर त्या पानाची प्रत नक्की मागा.

अर्ज 'जोडपत्र अ' च्या नमुन्यात, जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत, यांच्या नावे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवा किंवा रोख भरून पावती घ्या. तिकीट तालुक्याला स्टॅम्प विक्रेत्याकडे मिळतं. गेलात की दोन-तीन जास्त आणून ठेवा. दारिद्र्यरेषेखालील दाखला असेल तर त्याची प्रत जोडा, मग फी लागत नाही. दोन प्रती न्या, तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. 'साहेब आले की शिक्का देतो' यावर परत फिरू नका. पोच मिळत नसेल तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पुढचे सगळे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. मध्ये 'अमुक पानांचे प्रत्येकी २ रुपयांप्रमाणे पैसे भरा' असं पत्र येईल. लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तिसात धरत नाहीत. मुदत उलटून गेल्यावर पैशाचं पत्र आलं, तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

आता तुमची खरी भीती. भावोजींना कळेल का? कळेल. आणि नुसतं गावगप्पांतून नाही, कायद्यानेच कळू शकतं. त्यांनी गोपनीय म्हणून दिलेली माहिती द्यायचा अधिकाऱ्याचा विचार असेल, तर कलम ११ खाली ५ दिवसांत त्यांना नोटीस जाते, म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात आणि निर्णय ४० दिवसांत होतो. त्यांनी 'देऊ नका' म्हटलं तरी तो शेवटचा शब्द नसतो. त्यांचं म्हणणं विचारात घेऊन अधिकारी ठरवतो. पण गुपचूप अर्ज करून गुपचूप कागद मिळवू, ही आशा सोडून द्या. ज्या वाडीत पोस्टमन पाकीट बघून सांगतो कुणाचं काय आलं, तिथे नोटीस लपत नाही.

म्हणून माझा सल्ला, नोटिशीच्या आधी तुम्ही स्वतः सांगा. अर्ज न घेता, उतारा घेऊन जा. "भावोजी, या रकान्यात मामंजींचं नाव दिसत नाही. वारसांची सगळ्यांची नावं लागली तर पुढे मुलांना सोपं पडेल. पंचायतीकडून जुने कागद मागवते आहे," एवढंच. आरोप नाही आणि परवानगीही मागायची नाही. यात तीन शक्यता. एक, ते म्हणतील, माझ्या ध्यानात नव्हतं, करूया. मग संयुक्त अर्ज, मृत्यूचे दाखले, वारसांचे कागद जोडून पंचायतीत द्या, काम मासिक सभेतच उरकू शकतं. दुसरी, ते हो म्हणतील आणि काहीच करणार नाहीत. मग पंधरा दिवस थांबून अर्ज द्या. तिसरी, ते चिडतील. तसं झालं तर त्याच आठवड्यात अर्ज द्या. फाईलमधला कागद कुणी हलवायच्या आधी तुमचा अर्ज आवक नोंदीत यायला हवा. भावकी तुमच्या अर्जाने फुटेल, असं तुम्हाला वाटतं. मनात संशय ठेवून दरवर्षी एकाच गणपतीपुढे बसणंही काही कमी जड नसतं, ताई, आणि ते ओझं तुम्ही आताही वाहताच आहात.

एकाच परिस्थितीत मी आधी बोलू नका म्हणेन: घरात मारहाणीची, घराबाहेर काढण्याची भीती असेल तर. तेव्हा आधी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नकार आला तर? लेखी घ्या. कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचं नाव-पद नकारात असायलाच हवं. त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील, 'जोडपत्र ब', २० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. उत्तरच आलं नाही तर मुदत संपल्यापासून ३० दिवस. ग्रामपंचायतीचं अपील पंचायत समितीत जातं, गटविकास अधिकारी की विस्तार अधिकारी ते फलकावर बघा. अपिलात चारच मुद्दे मांडा: मागितलेली माहिती पंचायतीच्या कृतीची आहे, मी वारस आहे, झाकण्याजोग्या ओळी मीच झाकायला सांगितल्या, कलम ८(२) आणि १० चा विचारच झालेला नाही. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. सुनावणीला हजर राहा. लांब पडतं म्हणून न गेलेल्यांची अपिलं तिथेच निकाली निघतात. पुढचं पाऊल राज्य माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ, नवी मुंबईत बेलापूरला, मुदत ९० दिवस. तिथे प्रकरणं फार तुंबलेली असतात, म्हणून पहिल्या अपिलावरच सगळा जोर लावा.

'अभिलेख आढळून येत नाही' असंही उत्तर येऊ शकतं. पावसाळी हवा, वाळवी, पूर, ही कारणं आपल्याकडे खरीही असतात. तरी तेवढ्यावर थांबू नका. शोध घेतल्याचं लेखी, आणि गहाळ असल्यास जबाबदारी निश्चित करावी, अशी मागणी अपिलात करा. सरकारी कागद सांभाळण्यासाठी राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. आणि फाईल हरवली म्हणून बदल कायम, असं होत नाही. बदलाला आधारच सापडत नाही, हाच तुमच्या दुरुस्तीच्या अर्जाचा पाया होतो.

आता यादीकडे. या कामाला माहिती अधिकार नाही, तक्रार लागते, आणि ती आजच करायची. व्हॉट्सॲपवरचं 'सर्वांसाठी काढून टाका' हे बटण साधारण दोन-अडीच दिवसच चालतं. तुमच्या यादीला तेवढे दिवस झालेच असतील. तरी पाठवणाऱ्याला आणि गट चालवणाऱ्याला लगेच सांगा, काढता आलं तर काढतील. त्याआधी स्क्रीनशॉट घ्या, गटाचं नाव, पाठवणारा, तारीख-वेळ दिसेल असा. तो कुणाला पुढे पाठवू नका, इतर बायकांचेही आकडे त्यात आहेत.

पण शंभर मोबाईलांत उतरलेली फाईल परत येत नाही, हे धरूनच स्वतःची कुंपणं घाला. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, आधारच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून. नाही जमलं तर १९४७ ला फोन करा किंवा आधार केंद्रात जा. आधार क्रमांक आणि नकली ठसा वापरून खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार घडलेले आहेत, कुलूप त्यासाठी. रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल तेव्हा तात्पुरतं उघडावं लागेल, हे लक्षात असू द्या. बँकेत एसएमएसची सूचना चालू आहे ना, बघा. नुसत्या खाते क्रमांकाने कुणी पैसे काढू शकत नाही. पण "शिलाई मशीनचे पैसे आलेत, ओटीपी सांगा" असा फोन आता अगदी खरा वाटेल, कारण समोरच्याला तुमची योजना, बँक, नाव सगळं ठाऊक असेल. तो फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब.

लेखी तक्रार सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९(४) प्रमाणे आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला, लावायला मनाई आहे, हे त्यात लिहा. मागण्या तीन: यादी मागे घ्यावी, आकडे काढून पुन्हा लावावी, यापुढे तशीच लावावी. नव्या डेटा कायद्याचा आधार तक्रारीत आत्ता घेऊ नका. कार्यालयांवर माहिती सांभाळायची बंधनं घालणारी त्याची मुख्य कलमं मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तोवर आधार अधिनियमच पुरेसा आहे. महिन्याभरात हालचाल नसेल, तर 'माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीची कागदपत्रे' असा वेगळा माहिती अधिकार अर्ज द्या.

हे सदर ग्रामपंचायतीत काम करणारेही वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. एक्सेलमध्ये रकाना लपवून फाईल पाठवली, तर समोरचा दोन क्लिकमध्ये तो उघडतो. रकाना काढूनच टाका, मग वेगळ्या नावाने साठवा. पीडीएफवर काळी पट्टी ओढली तरी खालचे आकडे कॉपी होऊ शकतात. छापून, खोडून, पुन्हा स्कॅन करा. मार्करने खोडलेला कागद उजेडाला धरला की वाचता येतो, म्हणून त्याची झेरॉक्स द्या, मूळ खोडलेली प्रत नको. यादीत नाव, वाडी, योजना, रक्कम, ठराव क्रमांक पुरे. दोन सारखी नावं असतील तर वडिलांचं किंवा पतीचं नाव घाला, किंवा खात्याचे शेवटचे चार आकडे. अर्ज घेतानाच शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालत असेल तिथे तेच घ्या. आपल्याकडे नसलेला आकडा फुटत नाही.

ताई, 'विधवा' या शेऱ्याबद्दल तुम्ही फक्त अर्धी ओळ लिहिली आहे, पण पत्रात सगळ्यात जास्त तेच लागलेलं दिसतं. निवड करताना समितीने तो निकष बघितला असेल, तो त्यांच्या टिपणीत असू दे. गावभर फिरणाऱ्या कागदावर त्याचं काही काम नव्हतं. हे ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडा. त्या यादीत तुमच्यासारख्या आणखी कुणी असतीलच, आणि एकटीने टेबलापुढे उभं राहण्यापेक्षा चौघींनी सभेत ठराव मांडणं सोपं: यापुढे लाभार्थी यादीत क्रमांक आणि वैवाहिक स्थिती छापू नये. तो महिला सभेच्या इतिवृत्तात आला की ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो.

मालवण, वेंगुर्ला, गुहागर, दापोली अशा नगर परिषद-नगरपंचायतींतल्या वाचकांसाठी: फी, मुदती, १५० शब्द, सगळं तेच. अर्ज कर विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जातो, अपील बहुधा मुख्याधिकाऱ्यांकडे. चुकीच्या टेबलावर अर्ज गेला तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायची जबाबदारी त्यांची. अर्ज परत घेऊन फिरत बसू नका.

तुमचा क्रम असा ठेवा: आज बायोमेट्रिक लॉक आणि यादीची तक्रार. या आठवड्यात पावत्या आणि नमुना ८ चा उतारा. रविवारी भावोजींशी बोलणं. उतारा हातात आला की मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे आणि शेऱ्यात ठराव क्रमांक आहे का, एवढं मला कळवा. पत्रासोबत फोटो पाठवाल तर घर क्रमांक आणि सगळी नावं कागदाच्या पट्टीने झाकून मगच फोटो काढा.